नोंदवहीतलं गोडं पाणी

इब्री, ओमान
१३ नोव्हेंबर २०२३

आदरणीय गजभिये साहेब,
जय भीम.

तुमच्या नातीच्या, आम्रपालीच्या, ईमेलवर हे पाठवतो आहे. तिला मराठी वाचता येत नाही, तेव्हा तिने फक्त ते तुमच्या फोनवर पुढे ढकलावं. फोन करून उपयोग नाही, तुमच्या कानांनी राजीनामा दिल्याचं तुम्हीच मागे कळवलं होतंत. शिवाय साइटवर तुमचा नियमच होता, तोंडी काही नाही, काय ते लिहून द्या. तो मी अजून पाळतो. पोरं मला मागून हसतात.

काल लक्ष्मीपूजन झालं. बायको फलटणला, मुलगी पुण्याला आणि मी इथे खोलीत एकटा. पणती लावली, टिनातला रसगुल्ला खाल्ला आणि झोपलो. पन्नाशीला आलेल्या माणसाची दिवाळी याहून काय मोठी असणार!

आता कामाचं. कंपनीने मला पुन्हा आपल्या जुन्या वसाहतीत धाडलंय. चार नंबरची इमारत आठवते ना? सत्त्याण्णवच्या जून-जुलैत आपण तिच्या बाराही गॅलऱ्यांचा वरचा थर फोडून, नव्या सळया टाकून पुन्हा काँक्रीट ओतलं होतं. सव्वीस वर्षं टिकलं. आता सहा, सात आणि अकरा या तीन गॅलऱ्यांना तडे गेलेत आणि खालच्या बाजूला गंजाचे ओघळ दिसतायत. बाकीच्या नऊ वरून-खालून स्वच्छ आहेत. हातोडी मारून बघितली, बद्द आवाज कुठे येत नाही. पण गॅलरीचा सगळा भार वरच्या सळयांवर, भिंतीपाशी, टाइल्सच्या खाली असतो आणि तिथे काय चाललंय ते बघणाऱ्याला दिसत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

म्हणून विचारतो. जुनी नोंदवही सापडली. बाराही गॅलऱ्यांपुढे तुमच्या अक्षरात ‘गोडं पाणी, सात दिवस ओलं गोणपाट’ असं आहे आणि खाली तुमची सही. पाणी गोडं असेल तर हा नुसता वयाचा गंज, तडे गेलेल्या तीनच गॅलऱ्या फोडल्या की झालं. पण एखाद्या वेळी जरी विहिरीचं खारं पाणी काँक्रीटमध्ये गेलं असेल, तर मीठ आत बसलेलं असणार. मग सगळ्यांना आजच टेकू लावायचे, टाइल्स उखडायच्या आणि कुटुंबं हलवायची. काँक्रीटचे नमुने मस्कतला तपासायला दिलेत, पण तीन आठवडे लागतील म्हणतात. कंपनीला आराखडा या महिनाअखेर हवाय.

त्या दिवसांत मी उष्माघाताने अंथरुणात होतो, मला काही ठाऊक नाही. तुमच्याखेरीज विचारणार कुणाला? तुमच्या एका ओळीवर काम ठरेल.

तुमचा,
प्रताप धुमाळ


व्हिटबी, ओन्टारिओ
१९ नोव्हेंबर २०२३

चि. प्रताप यास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र फोनवर मोठं करकरून वाचलं. आलेलं वाचता येतं, पाठवणं मात्र जमत नाही. बोटं जाड आणि अक्षरं मुंगीएवढी. म्हणून कागदावर लिहितो आणि आम्रपाली ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीतून शनिवार-रविवार घरी आली की फोटो काढून पाठवते. मुलगी धम्मप्रिया आणि जावई कपिल दोघांनाही येतं ते, पण ते कामाची माणसं. शिवाय त्यांना मराठी वाचता येतं, आणि म्हाताऱ्याला एखादी गोष्ट घरच्यांच्या डोळ्याआड लिहिता यावी.

इथलं काय सांगू! बेसमेंटमध्ये राहतो. खिडकी छताला लागून आहे, तिच्यातून शेजाऱ्यांचे बूट तेवढे दिसतात. बर्फ पडला की फावड्याने शोव्हल करायला मला मनाई. तरी परवा गॅरेजच्या कामात तोंड घातलंच. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीच्या चाकांबरोबर आत येतं आणि जमिनीचे पापुद्रे निघतात. कपिलने दुकानातून एक पिशवी आणली, त्यावर चित्रात एक गोरा माणूस हसत हसत भेग बुजवतोय. मी म्हटलं, बाबा रे, आधी मऊ झालेलं सगळं काढ, कडक लागेपर्यंत काढ, मग बुजव. त्याने वरून लिंपलं. महिन्याभरात निघेल. जावयाला किती सांगायचं!

आनंदाची बातमी अशी की पुढच्या रविवारी संविधान दिनाच्या कार्यक्रमात इथलं मंडळ माझा सत्कार करणार आहे. धम्मप्रिया मंडळाची सचिव, तिनेच घाट घातला. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्याबद्दल बोला म्हणतात, टँकर तीन दिवसांनी यायचा आणि मी माणसं कशी जगवली ते. आमची ही, इंदुमती, असती तर म्हणाली असती, नाकापेक्षा मोती जड होतोय तुम्हाला. तिला जाऊन चार वर्षं झाली.

तू विचारलंस त्याबद्दल. पाणी गोडंच होतं. नोंदवहीत आहे तेच खरं. माझी सही बघूनही शंका घेतोस म्हणजे कमाल आहे तुझी. अरे, सव्वीस वर्षं वापर झालाय, एसीचं पाणी ठिबकतं, बायका गॅलरीत कपडे पिळतात, गंज येणारच. तडे गेलेल्या तीन गॅलऱ्या नीट कर. सळईच्या मागे बोट जाईल इतकं फोड, सळई चकचकीत होईस्तोवर घास. ओतणं उजाडायच्या आत संपव, वाळू सावलीत ठेव, पाण्यात बर्फ टाक आणि गोणपाट सात दिवस वाळू देऊ नकोस. तिथलं ऊन काँक्रीटच्या तोंडचं पाणी पळवतं, हे विसरू नकोस. बाकीच्या नऊ गॅलऱ्यांना हात लावून लोकांना घराबाहेर काढायचं काही कारण मला दिसत नाही.

तब्येत सांभाळ. डोक्यावर ओला पंचा असू दे.

तुझा,
शंकरराव गजभिये


इब्री
३ डिसेंबर २०२३

आदरणीय साहेब,
जय भीम.

सत्काराचा फोटो आम्रपालीने पाठवला. शालीत तुम्ही रुबाबदार दिसता. मी तो साइटवरच्या पोरांना दाखवला आणि सांगितलं, हे माझे गुरू. ‘गोडंच होतं’ ही तुमची ओळ वाचली आणि छातीवरची धोंड उतरली. त्याच दिवशी आराखडा दिला, सहा, सात आणि अकरा एवढ्याच गॅलऱ्या फोडायच्या. बाकीच्यांना टेकू लावायचे का म्हणून मॅनेजरने विचारलं. मी म्हटलं, नोंदवही आणि ज्यांनी लिहिली ते साहेब, दोघं एकच सांगतायत, मग उगाच लोकांच्या दारात खांब कशाला?

तीनही गॅलऱ्या फोडून झाल्या. एक गोष्ट मनात घोळते म्हणून लिहितो. सळया सगळीकडून सारख्या गंजलेल्या नाहीत. जागोजागी खड्डे पडलेत, उंदराने कुरतडल्यासारखे. सहा नंबरमध्ये भिंतीपाशी एक सळई बोटाने मोडली. असा खड्ड्याखड्ड्यांचा गंज मी मिठाशिवाय पाहिलेला नाही. मस्कतहून तपासणीचा निकाल अजून यायचाय, त्यांचं यंत्र बंद आहे म्हणे. पण तुम्ही म्हणालात तसं, वापराचं पाणी मुरलं असेल.

इथले लोक भले आहेत. नऊ नंबरमध्ये नगरच्या शीला गाडेकर राहतात, शाळेत गणित शिकवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी अकरा माणसांचा चहा वर बोलावून दिला. त्यांचे यजमान शंतनु दवाखान्यात कामाला आहेत. बाईंनी मला विचारलं, आमच्या गॅलरीला काही नाही ना? मी म्हटलं, ताई, तुमची ज्यांनी केली त्यांना त्यांच्या कामासाठी कॅनडात शाल पांघरतात. त्या हसल्या.

तुम्ही भाषण काय केलंत ते कळवा. मला त्या उन्हाळ्यातलं एवढंच आठवतं की तुम्ही माझ्या तोंडाला पेला लावायचात आणि ते पाणी गोड असायचं. तापात एवढंच कळायचं. ते पाणी नसतं तर त्या महिन्यात आपली सहा माणसं तरी दगावली असती. मला आता हिशोब लागत नाही, टँकर तीन दिवसांनी यायचा, चाळीस माणसं प्यायची, मग काँक्रीटला आणि गोणपाटाला पाणी कुठून पुरवलंत? हे मी शंका म्हणून विचारत नाही. तुमच्याकडून शिकायला मिळेल म्हणून विचारतो.

तुमचा,
प्रताप


व्हिटबी
२० डिसेंबर २०२३

चि. प्रताप,

हे पत्र वाचून होण्याआधी ऊठ आणि गॅलऱ्या खाली कर. सहा ते बारा. पाणी गोडं नव्हतं. पहिल्या पाच गॅलऱ्यांना टँकरचं पाणी आहे, सहापासून बारापर्यंत विहिरीचं. तू सहा, सात आणि अकरा फोडल्यास, राहिल्या आठ, नऊ, दहा आणि बारा. त्यांना खालून टेकू लाव आणि वर माणूस जाऊ देऊ नकोस. तुला खालून काही दिसणार नाही. भिंतीपाशी टाइल्स उखडून बघ म्हणजे कळेल.

आता सांगतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ते तुझ्या सळयांनी मला दाखवलं.

तू पडलास त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी चौघे पडले. टँकर आला तो निम्मा भरलेला. कंपनीच्या माणसाने बजावलं की आधी काँक्रीटचं पाणी बाजूला काढा, उरेल ते माणसांना. माणसं विहिरीचं पितील म्हणाला. ते विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं, प्रताप. त्याने तहान वाढायची आणि हगवण लागायची.

माझ्या बापाला विहिरीला हात लावायची बंदी होती. दुसऱ्याने वरून ओतावं म्हणून तो ओंजळ धरून उभा राहायचा आणि ओतणाऱ्याची मर्जी होईस्तोवर मी त्याच्या धोतराला धरून उभा असायचो. अशा माणसाच्या पोराला कुणी सांगावं की पाणी दगडाला आधी दे आणि माणसाला नंतर? मी टँकरच्या पाण्याच्या पिपाला स्वतः टाळं लावलं आणि सांगितलं की हे प्यायचं आहे, ओतायला विहिरीचं घ्या. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

वाईट केलं ते त्यानंतर. मला ठाऊक होतं की त्या मिठाने सळया खाल्ल्या जाणार. दहा वर्षं, पंधरा वर्षं, पण खाल्ल्या जाणार. काम थांबवून पाणी मागायचं, नाहीतर निदान नोंदवहीत खरं लिहायचं. खरं लिहिलं असतं तर मला परत पाठवलं असतं आणि धम्मप्रिया तेव्हा दहावीला होती. मी ‘गोडं’ लिहिलं. बारा वेळा लिहिलं.

इथे कॅनडात ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. माणसांना पाणी दिलं, एवढीच अर्धी गोष्ट. त्या रविवारी दोनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मला ऐकू येत नव्हतं, नुसते हात दिसत होते. तुझा प्रश्न त्याच्या आठ दिवस आधी आला. मी शाल निवडली.

गॅलऱ्या खाली कर. बाकी मला जे बोलायचं ते नंतर बोल.

शंकरराव


इब्री
३१ डिसेंबर २०२३

आदरणीय साहेब,

वाईट बातमी कळवायची आहे. परवा शुक्रवारी सकाळी नऊ नंबरची गॅलरी कोसळली. आधी तडा नाही, आवाज नाही. भिंतीपाशी तुटली आणि सगळीच्या सगळी खाली आली.

शीलाताई गॅलरीत होत्या. सुट्टीचा दिवस, कपडे वाळत घालत होत्या. दुसऱ्या मजल्यावरून पडल्या आणि वरून स्लॅब. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. शंतनुराव आत चहा करत होते. ते बाहेर आले तेव्हा दारापुढे काही नव्हतं. मी पोचलो तेव्हा ते त्या दारात चौकटीला धरून उभे होते आणि त्यांना आत ओढायला कुणाचा हात धजत नव्हता. शेवटी मीच ओढलं.

चौकशी बसली आहे. नोंदवही त्यांनी ताब्यात घेतली, माझा पासपोर्टही. आराखड्यावर माझी सही आहे. मी सांगितलं की निर्णय माझा, तपासणीच्या निकालाची वाट न बघता मीच ठरवलं. पाण्याबद्दल विचारलं तेव्हा सांगितलं की पाणी गोडं होतं, नोंद आहे आणि साहेबांनीही लिहून कळवलंय, तेव्हा दोष जुन्या कामाचा नाही, माझ्या पाहणीचा आहे. टेकू लावायला हवे होते. मॅनेजर म्हणाला होता आणि मीच नको म्हटलं.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. या वयात तुम्हाला हे कळवू नये असं वाटत होतं, पण दुसरीकडून कळलं तर तुम्ही रागवाल.

माझ्या शेवटच्या पत्राचं उत्तर आलं नाही. तब्येत बरी आहे ना?

प्रताप


व्हिटबी
३ जानेवारी २०२४

प्रताप,

काल आम्रपाली आली. तिने आधी माझं वीस तारखेचं पत्र तुला पाठवलं, मग तुझं एकतीसचं माझ्यासाठी उघडलं. या दोन गोष्टींत पाच मिनिटं गेली असतील.

माझं पत्र तेरा दिवस उशीखाली होतं. आम्रपाली परीक्षा संपवून मैत्रिणींबरोबर परस्पर मॉन्ट्रियलला गेली होती. कपिल रोज संध्याकाळी खाली येऊन खुणेने विचारायचा, बाबा, काही पाठवायचं आहे का? मी नाही म्हणून मान हलवायचो. त्याला वाचता येतं ना. त्याने वाचलं तर धम्मप्रियाला कळणार, तिला कळलं तर मंडळाला कळणार. मी मनाशी म्हटलं, सव्वीस वर्षं उभं आहे, चार दिवस आणखी उभं राहील.

आणि हेही खरं नाही. तुझं डिसेंबरातलं पत्र मी तीन तारखेलाच वाचलं होतं. दहा तारखेला आम्रपाली घरी होती, दोन दिवस माझ्या समोर बसून जेवली. मी तिच्याकडे काही दिलं नाही. तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं सगळं होतं, फक्त लिहिलं नव्हतं.

आता मी धम्मप्रियाला सगळं वाचायला दिलं, तुझी पत्रं आणि माझी. तिने उभ्याने वाचलं. मला ऐकू यावं म्हणून ती नेहमी जवळ येऊन मोठ्याने बोलते, या वेळी तिने वहीत लिहिलं, “कपिलने दोन मिनिटांत स्कॅन करून पाठवलं असतं, बाबा. टू मिनिट्स.” मग कोट घालून वर गेली आणि ड्राइव्हवे शोव्हल करत बसली. सकाळीच साफ केलेला होता. तिचे बूट माझ्या खिडकीतून जाता-येता दिसत होते. तासभर तरी.

सोबत मी इंग्रजीत जबानी लिहून सही करून पाठवतो आहे. पाणी खारं होतं हे मला १९९७ साली ठाऊक होतं, आणि नोव्हेंबरात प्रताप धुमाळ यांनी लेखी विचारल्यावर मी खोटं लिहिलं, असं त्यात स्पष्ट आहे. चौकशीत दे. तुझ्या सहीवर माझं पाप बसू देऊ नकोस. ते बोलावतील तर मी येईन. विमानात बसण्याइतका धड आहे अजून.

राहिलेल्या गॅलऱ्यांचं काय केलंस, तेवढं कळव. दुसरं काही लिहू नकोस हवं तर.

शंकरराव


इब्री
१८ फेब्रुवारी २०२४

गजभिये साहेब,

आठ, दहा आणि बारा खाली केल्या. दोन जानेवारीला तुमचं पत्र आलं, त्याच तासाला. टाइल्स उखडल्यावर बारा नंबरच्या सळया चमच्याने खरवडता येत होत्या. आता सगळी इमारत रिकामी आहे, ती पाडणार. मस्कतचा निकाल एकोणीस जानेवारीला आला. मीठ. तोवर कुणाला त्याची गरज राहिली नव्हती.

तुमचं पत्र आणि जबानी चौकशीत दिली. पत्राचं इंग्रजी मीच केलं. बापाच्या ओंजळीचा भाग मी गाळणार होतो, मग गाळला नाही. त्यांनी ठेवून घेतलं. म्हणाले, माणूस देशाबाहेर, वय त्र्याहत्तर, गोष्ट जुनी, नोंद करतो. तुम्हाला कुणी बोलावणार नाही. मला कामावरून काढलं आहे, पासपोर्ट पुढच्या महिन्यात मिळेल. मग फलटण.

मी पंधरा दिवस तुम्हाला शिव्या देत होतो. मग एके दिवशी लक्षात आलं की त्या उन्हाळ्यात पिपाला टाळं लावलंत म्हणून मी शिव्या द्यायला शिल्लक आहे. तेव्हा त्याचा जाब मी तुम्हाला विचारणार नाही. ते पाणी मी प्यालोय. नोंदवहीत खोटं लिहिलंत तेही विचारणार नाही, तुमच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच लिहिलं असतं.

पण नोव्हेंबरात मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. त्या दिवशी कुणी तहानलेलं नव्हतं, साहेब. तुमची नोकरी जाणार नव्हती. मुलगी दहावीला नव्हती. एक ओळ लिहायची होती. तुम्ही ती खोटी लिहिलीत, आणि मी ती शीलाताईंना सांगितली. त्यांनी मला विचारलं, आमच्या गॅलरीला काही नाही ना, आणि मी तुमचं नाव घेऊन नाही म्हटलं. ते वाक्य माझ्या तोंडातलं आहे. मी ते घेऊन फलटणला जाणार आहे.

मला आता लिहू नका. तुमच्यावर राग धरून बसलोय म्हणून नाही. पत्र आलं की मी पूर्वीसारखा आनंदाने उघडीन आणि मग मला माझीच लाज वाटेल.

शंतनुराव गावी परत गेले. ते जाण्याआधी मी त्यांना भेटलो, तुमची जबानी दाखवायचा धीर झाला नाही. त्यांना अजून वाटतं की गॅलरी जुनी होती म्हणून पडली. नगरचा पत्ता खाली देतो. लिहायचं असेल तर त्यांना लिहा.

प्रताप धुमाळ


व्हिटबी
२ मार्च २०२४

श्री. शंतनु गाडेकर यांस,
नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी शंकरराव गजभिये, मुक्काम कॅनडा. तुमच्या घराची गॅलरी १९९७ साली माझ्या हाताखाली ओतली गेली. हे पत्र सहा वेळा लिहिलं. पहिल्या पाचांत मी त्या उन्हाळ्याचं, माणसांच्या तहानेचं, माझ्या वडिलांचं लिहीत बसलो. ते सगळं खरं आहे, पण ते तुमच्या उपयोगाचं नाही, म्हणून फाडलं.

तुमची गॅलरी जुनी होती म्हणून पडली नाही. तिच्या काँक्रीटला खारं पाणी वापरलं होतं आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गेल्या नोव्हेंबरात प्रताप धुमाळ यांनी मला विचारलं की पाणी कोणतं होतं. तेव्हा तुमच्या पत्नी हयात होत्या. मी गोडं म्हणून कळवलं. डिसेंबरात मी खरं लिहिलं आणि ते नऊ दिवस घरात ठेवलं असताना गॅलरी पडली. घरातल्या माणसांना कळेल म्हणून ठेवलं होतं. प्रतापरावांचा यात दोष नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

क्षमा मागण्याचा अधिकार मला नाही, म्हणून मागत नाही. त्या गॅलरीत उभं राहायला हरकत नाही, असं शीलाताईंना ज्याने सांगायला लावलं तो माणूस कोण, हे तुम्हाला माहीत असावं. माझं नाव आणि पत्ता वर पाकिटावर आहे. तुम्हाला जे करायचं असेल, जे लिहायचं असेल, ते इथे लिहा. घरात मुलीला आणि जावयाला मराठी वाचता येतं. कुणीही उघडलं तरी चालेल.

शंकरराव गजभिये